बिनक्लचची गाडी

आमच्या बाबांना डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मी शाळेत असताना धोबीतलावावर चालत्या ट्राममधून उतरताना तो गेला. चालत्या ट्राममधून उतरणं ही तेव्हा गिरगावातल्या पुरुषांची ऐट होती आणि बाबांना ऐट भारी. पाय गेला तरी ऐट गेली नाही. लाकडी पायात पॉलिश केलेला बूट चढवून ते रोज फोर्टातल्या सॉलिसिटरच्या ऑफिसात जात. तिथे ते मॅनेजिंग क्लार्क होते. जायला-यायला एक म्हातारा व्हिक्टोरियावाला ठरवलेला होता. तो त्यांना चढता-उतरताना खांद्याचा आधार द्यायचा आणि त्याबद्दल कुठे बोलायचा नाही, म्हणून बाबांना तो चालायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. टॅक्सीवाल्याने एकदा काखेत हात घालून आत बसवलं, तर घरी येऊन आईवर ओरडले, "उचलून ठेवायला मी काय तांदळाचं पोतं आहे?" त्यानंतर ऑफिस आणि घर याखेरीज त्यांनी कुठे जाणं सोडलं. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, दादरला सख्ख्या बहिणीकडेसुद्धा नाही.

मग माहीमकडची आमची वडिलोपार्जित वाडी भाऊबंदांनी विकली आणि बाबांचा हिस्सा हातात आला. आता हे दादरला ब्लॉक घेणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. बाबांनी मोटार घेतली. कुठल्याशा परदेशी कंपनीचा साहेब मायदेशी परत चालला होता, त्याची भली लांबरुंद अमेरिकन गाडी लॅमिंग्टन रोडच्या एका विक्रेत्याकडे उभी होती. पेट्रोल पिणारी म्हणून कुणी घेत नव्हतं. आणि तिला क्लच नव्हता. गियर आपोआप पडायचे. मुंबईतल्या ड्रायव्हरांना तिचा भरवसा वाटत नसे, मिस्त्री तिच्या वाटेला जात नसत. पण क्लच नाही म्हणजे डाव्या पायाला काम नाही. ही गोष्ट सगळ्या मुंबईत फक्त बाबांच्या लक्षात आली होती. आईने डोक्याला हात लावला. नातेवाइकांनी यथेच्छ चेष्टा केली. बाबांनी विक्रेत्याकडून सहा महिन्यांची गॅरंटी लिहून घेतली, तीही स्वतः मसुदा करून, कलमं घालून.

ते दोन-तीन महिने आमच्या घरात जे सुख होतं ते मी नंतर कधी पाहिलं नाही. बाबा गाडी चालवायला शिकले आणि आईला शीवला तिच्या माहेरी घेऊन गेले. तिचे वडील गाडी बघायला काठी टेकत रस्त्यावर आले. चौपाटीवर गाडीतच बसून आम्ही भेळ खाल्ली. फाउंटनला गोळीबार झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना बाबा पूर्वी जाऊ शकत नव्हते, वर्तमानपत्रं वाचून घरातल्या घरात चडफडत. आता शिवाजी पार्कच्या कडेला गाडी लावून, काचा खाली करून ते सबंध सभा ऐकत. पुढाऱ्यांचं वाक्य आवडलं की हॉर्न वाजवत. लोक वळून बघत आणि हसत, मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

माझं लग्न ठरलं तेही या गाडीमुळेच. परळ-भोईवाड्याहून मंडळी बघायला आली. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती. चहा झाल्यावर माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "कन्यादानाला काका बसतील ना? म्हणजे यांचं हे असं, म्हणून म्हटलं हो." बाबांनी ते ऐकलं. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "चला, तुम्हाला सोडतो." मंडळींना वाटलं, ट्रामपर्यंत. बाबांनी त्यांना गाडीत घातलं आणि भोईवाड्याच्या दारात उतरवलं. दुसऱ्याच दिवशी होकार आला. कन्यादानाचा विषय पुन्हा निघाला नाही. सासऱ्यांचा एकच आग्रह होता: वरात याच गाडीतून निघायची.

बाबांना तर तेच हवं होतं. मुलीच्या वरातीत मुलीचा बाप नसतो. त्याने कार्यालयाच्या दारात डोळे पुसायचे आणि मागे उरलेली भांडी मोजायची. पण ही गाडी दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती. "आता मलाच यावं लागणार," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. चेहरा अगदी नाइलाज झाल्याचा. "आणि पुढे तर काय, दर रविवारी मी भोईवाड्यात. तुझ्या सासूला सांग, चहा खाली गाडीत पाठवा, साखर कमी."

गाडीचं दुखणं त्याच सुमारास सुरू झालं. सकाळी सुकाणूजवळचा गियरचा दांडा खाली ओढला की आधी काहीच व्हायचं नाही, मग मागून कुणी लाथ घातल्यासारखी ती पुढे उसळायची. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. तेल जळल्याचा वास यायचा. बाबा विक्रेत्याकडे गेले. त्याच्या मिस्त्रीने खाली शिरून पाहिलं आणि सांगितलं, गियरबॉक्सच्या आतल्या पट्ट्या झिजल्यात, बदलाव्या लागतील. सामान इथे मिळत नाही, कलकत्त्याहून मागवावं लागेल. आलं की कार्ड टाकतो, गाडी आणून द्या, गॅरंटीत बसवून देऊ. तोवर जपून चालवा. वेगाने गेलात तरी चालेल, पण पायी चालल्यासारखी हळू, थांबत थांबत चालवू नका. ती आतून तापते.

हे बाबांनी आम्हाला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं होतं. म्हणजे मला ते माहीत होतं, हे आधीच कबूल करते.

लग्नाला बारा दिवस राहिले असताना कार्ड आलं. दुपारची वेळ होती, आई साड्यांच्या खरेदीला गेली होती. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं, "पेढे विसरू नका ताई," म्हणाला आणि जिना चढून गेला. कार्डावर चार ओळी होत्या. सामान आलं आहे, गाडी आठ दिवसांच्या आत आणावी, त्यानंतर गॅरंटीची मुदत संपते, काम तीन आठवड्यांचं आहे.

मी दारातच उभी राहून हिशेब केला. गाडी गेली तर वरातीला नाही. वरातीला गाडी नाही म्हणजे सासूबाईंचा चेहरा, सासऱ्यांचा आवाज, आणि बाबा कार्यालयाच्या दारात काठी धरून उभे. मी स्वतःला सांगितलं, हे मी बाबांसाठी करते आहे. ते थोडं खरंही होतं. पण आता या वयात खोटं कशाला बोलू? मला मिरवायचं होतं. शालू नेसून, मुंडावळ्या बांधून, त्या भल्याथोरल्या गाडीत बसून मला लालबाग-परळमधून जायचं होतं. चाळीतल्या एकाही मुलीची तशी वरात झाली नव्हती. चार-आठ दिवसांनी काय बिघडतंय, दुकानदार काय नाही म्हणणार आहे, असं म्हणून मी ते कार्ड माझ्या ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवलं.

बाबांनी स्वतः जाऊन विचारलं असतं तरी उलगडा झाला असता. आई दोनदा म्हणालीही, "एकदा जाऊन तरी या." पण बाबांचं आयुष्य कोर्टाच्या कागदांत गेलेलं. "त्यांनी लेखी कळवायचं ठरलं आहे. कळवतील तेव्हा जाऊ. आधीच तगादा लावला तर आपली बाजू लंगडी दिसते." हे म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते खो खो हसले. मी तिथेच बसले होते. हसले मीसुद्धा.

लग्न मे महिन्यातलं. एरवी वराती संध्याकाळी निघत, पण त्या दिवसांत अंधार पडल्यावर जमाव दिसला की पोलिसांचा धोका, म्हणून दोन्ही घरांनी वरात दुपारीच काढायचं ठरवलं. गिरगावातून आम्ही निघालो. चिंचपोकळीपर्यंत गाडी बरी चालली. लालबागला सासरकडचा बँड आणि माणसं थांबली होती. तिथून भोईवाड्यापर्यंत पायी.

अंतर काही मोठं नव्हतं. पण वरातच ती. बँडवाले दहा पावलं चालायचे आणि थांबून एक गाणं पुरं करायचे. मग मुलं नाचायची, मग पुन्हा दहा पावलं. डोक्यावर ऊन, गाडीच्या टपावर हात ठेवता येत नव्हता. नाक्या-नाक्यावर गिरणीतून सुटलेल्या लोकांनी गाडी अडवली. "नवरदेव, आधी घोषणा द्या, मग पुढे जा!" नवरदेव लाजाळू, त्यांचा आवाज फुटेना. तेव्हा बाबांनीच खिडकीतून मान बाहेर काढून आरोळी ठोकली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि शेदीडशे माणसांनी "झालाच पाहिजे!" म्हणून रस्ता दणाणून सोडला. कुणीतरी बाबांच्या कपाळाला गुलाल लावला. "सासरेबुवा एकदम फर्स्टक्लास हां!" कुणी ओरडलं. मागच्या सीटवरून मला त्यांचा चेहरा आरशात दिसत होता. ट्रामखाली जाण्यापूर्वी त्यांचा चेहरा असा असायचा.

आणि जळक्या तेलाचा वासही येत होता. आधी थोडा, मग एवढा की माझ्या हातातल्या फुलांचा वास येईना. बाबांना तो येत नव्हता असं कसं म्हणू? दांड्यावरचा त्यांचा हात सारखा हलत होता. एकदा आरशातून माझ्याकडे बघून ते डोळे मिचकावून हसले. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, नवरी लाजली.

दोन-अडीच तासांनी आम्ही दारात पोचलो. मी उतरले, माप ओलांडलं. आत जाताना मागे वळून पाहिलं तर बाबा गाडीतच बसलेले, रुमालाने मान पुसत. मुलीच्या घरात त्या दिवशी त्यांनी यायचं नव्हतं, आणि तीन जिने चढणं तसंही जमलं नसतं. नंतर मला कळलं, माणसं पांगल्यावर त्यांनी गाडी वळवायला दांडा ओढला, तर गाडी हललीच नाही. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. खालून धूर यायला लागला. शेवटी बँडवाल्यांनी ढकलून ती कडेला लावली. काका टॅक्सी घेऊन येईपर्यंत ते तसेच सुकाणू धरून बसून होते.

विक्रेत्याने हात वर केले. गॅरंटी संपली, आम्ही मुदतीत कार्ड टाकलं होतं, तुम्ही आला नाहीत. बाबा म्हणाले, कार्ड आलंच नाही. तिथून जुंपली. बाबा ऑफिसातून टाइप केलेली पत्रं पाठवत, नक्कल स्वतःजवळ ठेवत. 'आपण असत्य विधान करीत आहात,' असं त्यांनी त्या माणसाला लिहिलं. त्यांचे सॉलिसिटर साहेब स्वतःच्या सहीने नोटीस द्यायला तयार झाले.

मी माहेरी गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं. सहज, चहा ओतता ओतता. "काय गं, लग्नाच्या गडबडीत एखादं कार्ड आलेलं दिसलं का तुला?"

"नाही."

"नाही ना? तेच म्हणतो मी. आपल्या घरात आलेला कागद हरवत नाही."

मला तेव्हा बोलता आलं असतं. कार्ड भोईवाड्यात माझ्या ट्रंकेत होतं. त्याच संध्याकाळी मी घरी जाऊन ते चुलीत घातलं. मला राग आला होता, त्यांच्या त्या विश्वासाचा. आपल्या माणसाला फसवलं की आपण त्याच्यावरच चिडतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

दिवाळीनंतर पत्रं एकदम थांबली. गाडी भंगारात गेली. आईने विचारलं तर बाबा म्हणाले, "जाऊ दे, त्यात काही अर्थ नव्हता." मला वाटलं, बाबा हरले. रविवारी ते येत नव्हते. टॅक्सी करून या, मी चहा घेऊन खाली येते, असं मी शंभरदा म्हटलं, ते "येतो, येतो" म्हणत. सभांचे वृत्तांत ते पुन्हा पेपरात वाचायला लागले. एकदा मी गेले तर मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि आवडतं वाक्य आलं तशी त्यांच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर दोनदा आपटली.

ते मला बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी लॅमिंग्टन रोडला त्या विक्रेत्याकडे गेले. तेव्हा मला सहावा महिना होता. मी त्याला सरळ सांगितलं, कार्ड आलं होतं, मी लपवलं, माझ्या वडिलांना माहीत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, एवढं तरी लक्षात घ्या आणि काही करता आलं तर करा.

त्याने मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाला, "बाई, आता काय करणार? ती तर केव्हाच तोडून विकली. आणि तुमच्या बाबांनी तर दिवाळीलाच लिहून दिलं." त्याने फाइल काढली. बाबांचं अक्षर होतं, टाइप केलेलं नव्हतं. 'कार्ड माझ्या घरी वेळेत पोचलं होतं. ते माझ्या हलगर्जीपणामुळे राहून गेलं. आपणांस उद्देशून जे लिहिलं ते मी मागे घेतो आणि क्षमा मागतो.'

"खरं सांगू काय?" तो म्हणाला, "आमच्याकडं पोस्टाची पावती-बिवती काहीच नव्हती. साध्या कार्डाला कुठली पावती? तुमच्या बाबांच्या साहेबाची नोटीस आली असती ना, तर आम्ही गप गियरबॉक्स बसवून दिला असता. मी तयारच होतो. आणि त्याच टायमाला हे पत्र आलं."

तिथून गिरगावात मी चालत गेले. आई देवळात गेली होती. बाबा दारातल्या खुर्चीत होते. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं, कारण मी बोलायच्या आधीच त्यांनी समोरचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"पोस्टमन दिवाळीची पोस्त मागायला आला होता," ते म्हणाले. "मी त्याला फैलावर घेतलं, कार्ड कुठे हरवलंस म्हणून. बिचारा शपथा घ्यायला लागला. ताईंच्या हातात दिलं, पेढे मागितले, म्हणाला. आईला माहीत नाही. तूही सांगू नकोस."

मी रडायला लागले. म्हटलं, "बाबा, तुम्ही जिंकत होतात. नुसतं गप्प बसला असतात तरी..."

"गप्प कसा बसणार? तो माणूस खरं बोलत होता, आणि मी त्याला खोटारडा म्हणत होतो. टाइप करून."

त्यांनी खिशातला रुमाल माझ्या हातात दिला. मग ते म्हणाले, "अगं, तू ते कार्ड मला दाखवलं असतंस ना, तरी मी गाडी दिली नसती त्यांना. वरात होऊ दे, मग बघू, असंच म्हटलं असतं. फाडून टाकलं असतं ते कार्ड आपण दोघांनी. गाडीचं काही नाही गं. पण मी तुला समोरासमोर विचारलं आणि तू नाही म्हणालीस. ते मला अजून समजत नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आई आल्यावर तिला सांगितलं, पोरीला कोकम सरबत दे, उन्हातून आली आहे.

महाराष्ट्र झाला तेव्हा सगळी मुंबई रोषणाई बघायला रस्त्यावर होती. बाबा खुर्चीतच होते. त्यानंतर ते आठ वर्षं जगले. आम्ही पुढे शीवला तळमजल्यावर स्वतःची जागा घेतली, मुद्दाम तळमजल्यावर. दारापर्यंत टॅक्सी येत होती. मी बोलवायला गेले की ते खोल्या किती, वारा कुठून येतो, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला, सगळं बारकाईने विचारत आणि पुढच्या रविवारी येतो म्हणत. ते कधीच आले नाहीत. त्यांना कुणाचा हात धरून यायचं नव्हतं म्हणून, की माझ्या घरी यायचं नव्हतं म्हणून, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खरं बोलले असते.